पट्टी उलटी करून पाहिलीस का?

९ जुलै

मायक्रॉन,

तुझी पट्टी वाकडी आहे.

लगेच नाकावर राग आणू नकोस. भेट पाठवलीस, तेलाचा हात फिरवून, कागदात गुंडाळून, सगळं रीतसर. पण मी ती खिडकीच्या उजेडासमोर धरली, नेहमीसारखा डावा डोळा मिटला आणि कडेवरून नजर टाकली, तर मधोमध पंधरा सेंटिमीटरपाशी पट्टीला पोट सुटलंय. चाळीस वर्षं टूलरूममध्ये साचे घासले मी. केसाएवढा बाकही या डोळ्यातून सुटलेला नाही. लोकांची मापयंत्रं तपासून शिक्के मारणारी माझी भाची मामालाच वाकडी पट्टी पाठवते, आता बोला.

पट्टी जिच्यासाठी मागवली ती टाचणी. किडकिडीत आहे आणि टोचते, म्हणून तुझ्या 'मायक्रॉन'सारखंच मीच ठेवलेलं नाव. वय तेरा. दर बुधवारी शेवटच्या तासाला आम्ही सात म्हातारे शाळेत जातो. प्रत्येकाच्या वाट्याला एक मूल. निवृत्त नर्सबाई एकाला वाचायला बसवतात, शिंपीबुवा कापड कापून अपूर्णांक शिकवतात. माझ्या वाट्याला ही आली, कारण इतर कुणाशी ती बोलेचना. माझ्याशीही पहिले पाच बुधवार बोलली नाही. सहाव्या बुधवारी म्हणाली, "आजोबा, तुम्ही कानस उलटी धरलीय." मुद्दाम धरली होती.

तिला तांत्रिक शाळेत जायचंय. वीस नोव्हेंबरला प्रवेश परीक्षा. लेखीचं तिचं ती बघेल. प्रात्यक्षिकात लोखंडाचा चौकोन घासून खाचेत बसवायचा असतो, तो माझा प्रांत. घरी तिच्या या परीक्षेचं कुणाला काही पडलेलं नाही. म्हणजे नोव्हेंबरपर्यंत माझा एकही बुधवार चुकून चालणार नाही.

पट्टी बदलून पाठव. आणि फोन करू नकोस. फोनवर तू "हो", "नाही" आणि "बघते" एवढंच बोलतेस. पत्रात निदान पूर्ण वाक्यं असतात.

मामा


१६ जुलै

प्रिय मामा,

पट्टी वाकडी नाही. पाठवण्यापूर्वी मी ती स्वतः तपासली होती. तीनशे मिलिमीटर लांबीत तिचा बाक दोन शतांश मिलिमीटरपेक्षा कमी आहे. कागदाची जाडीसुद्धा याच्या पाचपट असते. एवढा बाक उजेडासमोर धरून कुणालाही दिसत नाही, तुलाही नाही.

शक्यता दोन. टपालात ती वाकली असेल, किंवा तू ती नीट धरली नसशील. ठरवायची रीत तूच मला शिकवली आहेस, मी अकरा वर्षांची असताना. पट्टी उलटी करून पाहिलीस का? टोकं बदलून, पाठ पोटाकडे आणून? बाक पट्टीत असेल तर पट्टी फिरवल्यावर तो दुसरीकडे वळतो. वळला नाही तर दोष पट्टीत नसतो.

हे न करता तू मला पत्र लिहिलंस याचं आश्चर्य वाटलं.

पट्टी परत पाठव, मी पुन्हा तपासते. तुझी टाचणी चौकोन कितीला घासते आहे ते कळव. सुरुवातीला दोन दशांश मिलिमीटरपर्यंत आली तरी चांगलं आहे.

तुझी,
मायक्रॉन


२८ जुलै

मायक्रॉन,

वा! पोरीला मीच कानस धरायला शिकवली आणि आता पोरगी मलाच पट्टी उलटी करायला शिकवते. उलटी करून बघायची गरज नव्हती. वाकडं ते वाकडं. सोबत पाठवतोय, लाव तुझ्या यंत्राला.

आणि पट्टीचंच कशाला, आजकाल सगळंच वाकडं बनवतात. शाळेने वाचनालयाला नवा दरवाजा बसवला, त्याची चौकट मधोमध आत गेलीय. मी सुताराला धरला. तो गुण्या लावून दाखवतो काय, ओळंबा सोडून दाखवतो काय. मी म्हटलं, "बाबा रे, गुण्यासुद्धा तुझाच ना?" टाचणी शेजारी उभी राहून बघत होती. नंतर म्हणाली, "आजोबा, तुम्ही भांडायला लागलात की फार छान दिसता." कार्टी आहे.

परवा तिचा चौकोन एका कोपऱ्यात खाल्ला गेला. मी "बरोबर आहे, पुढे चल" म्हणालो होतो, आणि तो बरोबर नव्हता. तिने दुसरा तुकडा काढला आणि पहिल्यापासून सुरुवात केली. आता मी काही सांगायच्या आत तीच मोठ्याने माप वाचते. चांगली सवय आहे.

तुझ्या मनात काय चाललंय ते मला ठाऊक आहे. म्हणून ही शेवटची ओळ डावा डोळा मिटून, नेम धरल्यासारखी, कोऱ्या कागदावर लिहितोय. बघ कशी सुतासारखी सरळ येते.

मामा


६ ऑगस्ट

प्रिय मामा,

पट्टी तपासली. ग्रॅनाइटच्या सपाट टेबलावर ठेवून खालून पोलादाची सर्वांत पातळ पत्री सरकवून पाहिली, कुठेही गेली नाही. मग उलटी केली. तरीही नाही. पट्टी सरळ आहे. प्रमाणपत्र जोडते आहे.

तुझी शेवटची ओळ मी मोजली. डावीकडून उजवीकडे ती अकरा मिलिमीटर खाली उतरली आहे आणि "नेम" या शब्दापाशी तिला खड्डा आहे.

तीन प्रश्न आहेत. कृपया तिन्हींची उत्तरं दे.

उजवा डोळा मिटून चौकट पाहिलीस तर ती सरळ दिसते का? समोरच्या माणसाकडे उजव्या डोळ्याने पाहताना त्याच्या नाकाच्या जागी धूसर वाटतं का? आणि हे कधीपासून आहे?

वाट पाहते आहे.

मायक्रॉन


२२ ऑगस्ट

प्रिय मामा,

सोळा दिवस झाले. काल फोन केला तर तू "सगळं ठणठणीत" म्हणालास आणि दारावर कुणी आलंय म्हणून ठेवून दिलास. दारावर कुणी आलं नव्हतं. तुझी घंटा फोनवर ऐकू येते.

इथल्या डोळ्यांच्या डॉक्टरांना मी तुझं नाव न सांगता विचारलं. ते म्हणाले, डोळ्याच्या पडद्याच्या मध्यभागी पाणी साठलं की सरळ रेषा वाकड्या दिसतात. त्यावर इंजेक्शन आहे. पण ते आठवड्यांच्या हिशोबाने द्यावं लागतं, महिन्यांच्या नाही. गेलेली नजर बहुतेक वेळा परत येत नाही.

मला कामात लक्ष लागत नाहीये. काल एका वजनाचा आकडा मी दोनदा चुकीचा लिहिला. असं माझं कधी होत नाही.

दोन ओळी तरी लिही. उतरल्या तरी चालतील.

मायक्रॉन


२६ ऑगस्ट

प्रिय मायक्रॉन,

माझ्या अंगठ्याला कानस लागलीय, म्हणून मी सांगतोय आणि टाचणी लिहितेय. अक्षर तिचं, शब्द माझे.

(ताई, अंगठ्याला काहीही झालेलं नाही. कंसातलं मी माझ्या मनाने लिहितेय. आजोबा समोर बसलेत, पण एवढं बारीक अक्षर त्यांना वाचता येणार नाही. — टाचणी)

पट्टी मिळाली. तू म्हणतेस तर असेल सरळ. वयोमानाने डोळा जरा थकतो, त्यात काय एवढं. चष्म्याचा नंबर वाढला असेल. परीक्षा झाली की निवांत दाखवीन.

(त्यांना चष्माच नाहीये. तुमचं जुलैचं पत्र मीच त्यांना वाचून दाखवलं होतं. मग ते भिंतीकडे बघत बसले असताना मी पट्टी त्यांच्या डोळ्यासमोर धरली आणि विचारलं, पोट कुठे आहे. म्हणाले खाली. मी उलटी केली. म्हणाले खालीच. टोकं बदलली. तरी खालीच. मग त्यांनी पट्टी माझ्या हातातून घेतली आणि म्हणाले, चल, चौकोन काढ. म्हणजे त्यांना तेव्हाच कळलं. तुमच्याकडे पट्टी परत पाठवली ती त्यानंतर.)

टाचणीचा हात आता बसायला लागलाय. एक दशांशापर्यंत येते. मी नुसता शेजारी बसतो.

(मी मापं मोठ्याने वाचते ते त्यांच्यासाठी. बाईंना वाटतं माझा आत्मविश्वास वाढला.)

काळजी करू नकोस. जेवत जा वेळेवर. आणि डॉक्टरांना माझ्याबद्दल विचारत फिरू नकोस, मी काही तुझ्या प्रयोगशाळेतलं यंत्र नाही.

(सप्टेंबरमध्ये सगळ्या आजोबा-आजींना शाळेत डोळ्यांचा दाखला द्यायचाय. हत्यारं वापरणाऱ्यांना तर सक्तीचा. दाखला मिळाला नाही तर बुधवार बंद. म्हणून ते डॉक्टरकडे जात नाहीत. ताई, पाया पडते, शाळेला सांगू नका. तुम्ही काहीतरी करा, पण शाळेला सांगू नका.)

काय गं, एवढा वेळ काय लिहितेस? मी चार वाक्यं सांगितली. — हेही लिहिलंस? कार्टी.

मामा


३१ ऑगस्ट

प्रिय मामा,

टाचणीवर रागावू नकोस. तिने पत्रात काय लिहिलं ते मी इथे सांगत नाही, तू ओळखलं असशील. हे पत्र तीच तुला वाचून दाखवेल, म्हणून जे आहे ते सरळ लिहिते.

मी दोन कामं केली आहेत. पहिलं, तुझ्या शाळेत बुधवारची योजना चालवणाऱ्या बाईंना पत्र लिहिलं. एका डोळ्याची मधली नजर गेलेला माणूस तेरा वर्षांच्या मुलीला करवत आणि कानस चालवायला लावतो, हे सुरक्षित नाही. तूही तुझ्या टूलरूममध्ये असं चालू दिलं नसतंस. दुसरं, चार सप्टेंबरला सकाळी अकराला मोठ्या दवाखान्यात तुझी वेळ घेतली आहे.

बुधवार थांबला म्हणजे डोळे लपवण्याचं कारण उरत नाही. तू जाशील असा माझा अंदाज आहे.

मायक्रॉन


१० सप्टेंबर

ताई,

ते गेले नाहीत.

तुमचं पत्र मी त्यांना वाचून दाखवलं. पूर्ण. ते म्हणाले, "बरोबर लिहिलंय पोरीने." मग पत्राची घडी घातली आणि पट्टीसकट कपाटात ठेवून दिली. चार तारखेला मी शाळा बुडवून त्यांच्याकडे गेले, दवाखान्यात न्यायला. ते खुर्चीत बसले होते. म्हणाले, "आता कुणासाठी बघायचंय?" मी म्हटलं माझ्यासाठी. म्हणाले, "तुला माझा काय उपयोग, तुझ्या ताईने लिहिलंय ना."

काल बुधवार होता. शेवटच्या तासाला बाईंनी मला शिंपी आजोबांकडे बसवलं. ते चांगले आहेत, मला चॉकलेट दिलं. मला चॉकलेट नकोय. खिडकीतून फाटक दिसतं. फाटकाबाहेर बसथांब्याच्या बाकावर आमचे आजोबा बसले होते. इस्त्रीचा शर्ट घालून, पूर्ण तास. एकही बस पकडली नाही.

मी तुमच्यावर विश्वास ठेवला होता. परीक्षेचं जाऊ दे. आता तुमचे ते इंजेक्शनचे आठवडे चाललेत ना एकेक करून? आता तुम्हीच सांगा काय करायचं.

टाचणी


१४ सप्टेंबर

प्रिय टाचणी,

तुझं पत्र दुपारी मिळालं. मी ते प्रयोगशाळेत, उभ्यानेच वाचलं.

माझं चुकलं. हत्यारांबद्दल मी लिहिलं ते खोटं नव्हतं, पण क्रम चुकला. आधी त्याच्याजवळ यायला हवं होतं, मग शाळेला सांगायला हवं होतं. तेही त्याच्या हातून. मी लांबून दुरुस्ती करायला गेले.

तुला एक सांगते, हे मी सहसा कुणाला सांगत नाही. मी अकरा वर्षांची असताना माझे वडील घर सोडून गेले. त्यानंतर मी गप्प झाले. आईला वाटायचं, मला डॉक्टरकडे न्यावं. मामा दर रविवारी यायचा आणि स्वयंपाकघरातल्या टेबलापाशी माझ्या शेजारी बसायचा. वडिलांचं नाव त्याने एकदाही काढलं नाही. एक लोखंडी तुकडा आणि एक कानस आणायचा. पहिल्या दिवशी त्याने कानस उलटी धरली होती. मी तीन रविवार सहन केलं आणि चौथ्या रविवारी बोलले. तू सहाव्या बुधवारी बोललीस. म्हणजे तू माझ्यापेक्षा चिवट आहेस.

इतकी वर्षं मला वाटत होतं की तो विसरभोळा होता. जुलैमध्ये त्याचं पत्र वाचलं तेव्हा कळलं की नव्हता. त्या पत्राला मी पट्टीबद्दल उत्तर दिलं. या गोष्टीबद्दल एक शब्दही लिहिला नाही.

आता काम. मी अठरा तारखेला, शुक्रवारी सकाळच्या गाडीने येते आहे. त्याला सांगू नकोस, तो कुठेतरी निघून जाईल. तोवर तू एक कर. त्याच्याकडे जा, कपाटातली पट्टी माग आणि कोऱ्या कागदावर पाच-पाच मिलिमीटरच्या चौकटी आख. वीस उभ्या, वीस आडव्या, मधोमध एक ठिपका. पेन्सिल टोकदार ठेव. मग डावा डोळा मिटून ठिपक्याकडे बघायला सांग आणि जिथे रेषा वाकतात तिथे त्याच्याच हाताने खूण करून घे. कागद मला हवा आहे, डॉक्टरांना दाखवायला.

आणखी एक. हे तपासण्यासाठी आहे असं म्हणू नकोस. म्हण, मला रेषा आखता येतात का ते बघून सांगा. ते तो नाकारणार नाही.

तुझ्या बाईंना मी दुसरं पत्र लिहिलं आहे. हत्यार तुझ्या हातात, माप दुसरं कुणीतरी मोठं माणूस ताडून बघेल आणि मामा नुसता शेजारी बसेल, असं चालेल का, हे विचारलं आहे. उत्तर आलेलं नाही. काय येईल मला माहीत नाही.

तुझी,
ताई


१२ ऑक्टोबर

मायक्रॉन,

हे माझ्याच हाताने लिहितोय. अक्षर मोठं आलंय, चालवून घे. एका पानात बसत नाही म्हणून तीन पानं झालीत.

तू गेल्यावर दुसरं इंजेक्शन झालं. डोळ्यात सुई म्हणजे काय भयंकर असेल असं वाटायचं. पहिल्या वेळी तू माझा हात इतका घट्ट धरला होतास की डोळ्यापेक्षा हातच जास्त दुखला. या वेळी टाचणी आली होती. आत सोडली नाही तर बाहेर नर्सबाईंशी वाद घालत बसली. आमच्याच शाळेतल्या नर्सबाई, त्यांना मीच सोबत नेलं होतं. दोघींना एकमेकींवर सोडून मी आत शांतपणे सुई टोचून घेतली.

डॉक्टर म्हणतात, आठ-दहा आठवडे वाया घालवलेत आजोबा. मी मान खाली घातली. मधलं जे गेलंय ते गेलं, बाकीचं राखू म्हणतात. राखलं जाईल का, हे तिसऱ्यानंतर सांगतील. तू फोनवर धीर देतेस, पण तुझा आवाज मला कळतो. मलाही भीती वाटते. सकाळी उठल्यावर आधी डावा डोळा मिटतो आणि दाराची चौकट बघतो. ती कालच्यासारखीच असली तर चहा ठेवतो.

बाईंनी परवानगी दिली. महिनाभर बघू, मग ठरवू, असं म्हणाल्या. बुधवारी मी बसतो, टाचणी घासते, शिंपीबुवा माप ताडून बघतात. ते मिलिमीटरसुद्धा बोटभर, वीतभर असं मोजतात, टाचणी डोक्याला हात लावते. मी चौकोनाच्या कडेवरून नख फिरवतो. नखाला अजून कळतं. परवा म्हटलं, "डाव्या कोपऱ्यात उंच आहे." तिने मोजलं, चार शतांश उंच होतं. मग कितीतरी वेळ ती माझ्या नखाकडे बघत बसली.

परीक्षेला एकोणचाळीस दिवस उरलेत. तिचा चौकोन खाचेत बसतो, पण एका बाजूने अजून उजेड दिसतो. दिसतो असं ती सांगते.

दर बुधवारी ती चौकटींचा नवा कागद आखून आणते. मला रेषा जमतात का बघा, म्हणते. हे नाटक कुणी शिकवलं ते मला माहीत आहे. मीही बघतो आणि म्हणतो, जमतात हो. मग खुणा करतो.

ही शेवटची ओळ डावा डोळा मिटून, कोऱ्या कागदावर लिहितोय. मोज आणि आहे ते सांग.

मामा


१९ ऑक्टोबर

प्रिय मामा,

ओळ सरळ नाही. डावीकडून उजवीकडे ती सात मिलिमीटर खाली उतरली आहे. "कोऱ्या"पाशी खड्डा आहे.

तुझ्या सूचनेशिवाय मी कागद उलटा ठेवूनही मोजली. सातच.

जुलैमध्ये अकरा होती.

एका ओळीवरून काही ठरत नाही, हे तुला माहीत आहे. पुढच्या बुधवारी पुन्हा लिही. मी येते आहे. शिंपीबुवांना म्हणावं, त्या दिवशी माप मी ताडून बघेन. येताना एक कानस आणते.

ती कशी धरायची, ते मला टाचणीसमोर विचारू नकोस.

मायक्रॉन